आग्रा रोडवरचे आमचे थांबे

इंदुरातील मराठी घरांना नाशिकचा रस्ता सांगावा लागत नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडचा 'आग्रा रोड', हा आपल्या लेखी रस्ता कमी आणि नातलग अधिक. लग्नमुंजींना, त्र्यंबकेश्वरच्या विधींना, कुंभमेळ्याला आणि नुसत्याच माहेरपणाला आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच रस्त्याने खाली उतरली. राऊ, महू, मानपूर, खलघाट, ठिकरी, जुलवानिया, सेंधवा. मग बिजासनचा घाट. पुढे शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव आणि नाशिक. सुमारे ४१० किलोमीटरांची ही नामावळी लहानपणी पाढ्यांसारखी पाठ होते आणि म्हातारपणीही विसरत नाही.

या रस्त्याचे वर्णन करणारा लेखक खलघाटच्या नर्मदेवर थांबेल, सातपुड्याच्या रांगा न्याहाळील, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहून दोन परिच्छेद लिहील. ते सारे आम्हीही पाहिले आहे. परंतु गेली काही वर्षे आमच्यापाशी या रस्त्याचा एक निराळाच नकाशा आहे. त्यात नद्या नाहीत, देवळे नाहीत, मैलाचे दगडही नाहीत. त्यात केवळ शौचकूप आहेत.

सुज्ञ वाचकांनी नाक मुरडण्यापूर्वी थोडे ऐकून घ्यावे. आम्हां उभयतांपैकी एकाला बारा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आजार आहे. दोघांपैकी कोणाला, हे सांगावयाचे नाही असे घरातच ठरले आहे. आणि बारा वर्षांच्या सहवासानंतर तो आजार खरोखरीच दोघांचा झाला असल्याने 'आम्हांला आहे' असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्तीही नाही. जेथे अगदीच अडेल तेथे आम्ही 'आजारी माणूस' एवढेच म्हणू.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन त्यावर व्रण पडतात, असा हा विकार. तो बहुधा मलाशयापासून सुरू होतो आणि तेथून वर सरकतो. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली त्याला हे नाव दिले. त्याचे नेमके कारण मात्र अजून कोणाला सांगता आलेले नाही. शरीराची रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते, एवढे कळले आहे. तो संसर्गजन्य नाही, तिखट खाल्ल्याने होत नाही, आणि आमचे काही आप्त समजतात तसा मनाचा खेळ तर मुळीच नाही. महिनोन्‌महिने तो निजून असतो आणि मग एखाद्या दिवशी जागा होतो.

जागा झाला म्हणजे रक्त पडते, पोटात कळा येतात, थकवा येतो. हे सारे सोसता येते, कारण ते चार भिंतींच्या आत सोसता येते. घराबाहेर माणसाला नामोहरम करते ती घाई. निरोगी मलाशय कणगीसारखे असते. येईल ते साठवून घेते आणि धन्याला सवड होईपर्यंत स्वस्थ बसते. सुजलेले मलाशय ताठर होते, त्याला साठवण सोसत नाही. घरात मांजर शिरले तरी दरोडा पडला म्हणून बोंब मारणाऱ्या पहारेकऱ्यासारखे ते वागते. पुष्कळदा आत मल नसतोच. किंचित आव, रक्त वा नुसता वायू असतो. पण बोंब तीच. आणि त्या बोंबेनंतर हाताशी वेळ असतो तो दोन-तीन मिनिटांचा. मोटारीत बसलेल्या माणसाला या दोन-तीन मिनिटांचा अर्थ काय, हे ज्याला भोगावे लागले त्यालाच कळेल.

याचा परिणाम असा झाला की आम्ही जाणे सोडले. प्रथम लांबचे, मग जवळचे. दोन लग्ने, एक मुंज, एक साठीशांत. प्रत्येक वेळी एक सबब. घराला रंग काढला आहे, गुडघा धरला आहे, गावात पाहुणे आहेत. रंग इतक्या वेळा काढला की एका आप्तांनी आमच्या घराला राजवाडा म्हणावयास सुरुवात केली. 'इंदूरकर मोठे झाले, आता कशाला येतील' हेही कानावर आले. खरे कारण एका ओळीत सांगता आले असते. पण ती ओळ मराठी घरात उच्चारावयाची कशी? मधुमेह सांगता येतो, रक्तदाब तर थोड्याशा अभिमानानेही सांगता येतो. कमरेखालच्या आजाराला आपल्याकडे बोलके नाव नाही. 'पोट बिघडले' म्हणावे तर लोक ओवा सुचवितात.

नाशकास आमच्या मावशी आहेत. वय चौऱ्याऐंशी. आम्हां दोघांपैकी एकाचे सगळे बाळपण त्यांच्या ओसरीवर गेले. दोन वर्षे त्यांची गाठ नव्हती. गेल्या कार्तिकात त्यांचे पोस्टकार्ड आले. त्या आजही पोस्टकार्डच लिहितात. त्यात तक्रार नव्हती, बोलावणेही नव्हते. एवढेच लिहिले होते की, ट्रंकेतली पैठणी आणि आजोबांची पोथी कोणाला द्यावयाची ते एकदा समोरासमोर ठरले म्हणजे बरे. असल्या पत्राला रंगकामाचे उत्तर देता येत नाही.

जावयाचे कसे, हा प्रश्न होता. आगगाडीच्या प्रत्येक डब्यात शौचकूप असतो, ही गोष्ट निरोगी माणसाच्या ध्यानातही येत नाही; आम्हांला ती रेल्वेची सर्वांत मोठी देणगी वाटते. ती सहजासहजी मिळालेली नाही. ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने १९०९ साली साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला लिहिलेले पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. फणस खाऊन पोट फुगल्यामुळे ते अहमदपूर स्थानकावर उतरून परसाकडे बसले. इतक्यात गार्डाने शिटी दिली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना ते फलाटावर सर्वांदेखत पडले. पत्राचे इंग्रजी मोडके आहे म्हणून लोक हसतात. आम्हांला ते वाचून हसू येत नाही. भर फलाटावरची ती फजिती कचेरीला कळवावयास लागणारे धैर्य आमच्या अंगी बारा वर्षांत आले नाही. परंतु इंदुराहून नाशकास सरळ लोहमार्ग नाही. इंदूर ते मनमाड हा ३०९ किलोमीटरांचा मार्ग केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आहे. तो होईल तेव्हा लोक भाडे आणि वेग विचारतील, आम्ही मात्र शौचकूप डब्याच्या कोणत्या टोकाला आहे ते विचारू. तूर्त मोटारीवाचून गत्यंतर नव्हते.

तयारीस तीन आठवडे लागले. प्रथम डॉक्टरांचा सल्ला घेतला. आजार त्या वेळी बऱ्यापैकी शांत होता. मेसालामिनच्या गोळ्या चालूच होत्या. त्यांनी जोडीला त्याच औषधाचा रात्री घ्यावयाचा बस्ती लिहून दिला. तो डाव्या कुशीवर निजून घ्यावयाचा, म्हणजे औषध नेमके सुजलेल्या जागी पोहोचते आणि पहारेकऱ्याचा घसा थोडा बसतो. घाई बांधून ठेवणारी बाजारू गोळी आपल्या मनाने घ्यावयाची नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. आजार भडकलेला असताना अशा गोळीने आतडे धोकादायकरीत्या फुगू शकते. अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांपासूनही दूर राहावयास सांगितले. ताप आला, नाडी जलद झाली आणि दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्त पडले, तर प्रवास तेथेच सोडून रुग्णालय गाठावयाचे, हेही ठरले.

आमचा बेत उपाशी निघण्याचा होता. डॉक्टरांनी तो मोडून काढला. उपासाने घाई जात नाही, अशक्तपणा मात्र येतो. अन्न पोटात पडले की मोठे आतडे हालचाल करू लागते, हा देहाचा सर्वांसाठीच नियम आहे; तेव्हा खाल्ल्यानंतरचा तासभर शौचकूपाजवळ काढावा आणि मग निघावे, एवढेच त्यातले शहाणपण. त्याप्रमाणे पहाटे साडेतीनला उठून मऊ भात आणि ताकाची कढी खाऊन आम्ही सकाळचे सर्व फेरे घरीच उरकले. इंदूरकराने पोहे-जिलबीवाचून प्रवासास निघावे, याची नोंद मात्र येथे करून ठेवतो.

एक झोळी शिवली. तिच्यात दोन जोड कपडे, जुने धुतलेले सुती पंचे, रबरी चादर, पाण्याच्या तीन बाटल्या, प्लॅस्टिकचे टमरेल, साबणाचे कागद, घट्ट बांधता येतील अशा पिशव्या, आणि मोठ्या माणसांसाठी मिळतात त्या लंगोटांचे पुडके. हे शेवटचे विकत घेताना दुकानदारास 'घरात आजी आहेत' असे सांगितले. आजी जाऊन वीस वर्षे झाली. त्यांनी हयातीत आमची पुष्कळ कामे केली, हे आणखी एक.

शिवाय एक चिठ्ठी. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २००५ पासून असा कायदा आहे की या जातीच्या आजाराच्या माणसाने निकड सांगितली तर दुकानदाराने नोकरांसाठीचा शौचकूपही त्याला खुला करावा. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण चिठ्ठीला कायदा लागत नाही. एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस हिंदी अशा चार ओळी आम्ही जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिल्या: या व्यक्तीस आतड्याचा आजार आहे, तो संसर्गजन्य नाही, शौचास तत्काळ जावे लागते, कृपया आपला शौचकूप वापरू द्यावा. खाली डॉक्टरांची सही. तोंडाने न निघणारे वाक्य कागद न लाजता बोलतो.

सर्वांत अवघड होते गाडी हाकणाऱ्या मुलास सांगणे. परदेशीपुऱ्यातला चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण. निघताना आम्ही घसा खाकरून, फिरवून फिरवून सांगितले. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "काकाजी, आप तो बस बोल देना, गाड़ी रुक जाएगी।" बारा वर्षांचे ओझे त्याने आरशाची काच पुसता पुसता उतरवून ठेवले.

पाचला निघालो. इंदूर शहराची चिंता नव्हती. २०१७ पासून स्वच्छतेत लागोपाठ सात वेळा पहिल्या आलेल्या या शहराचा आम्हांला जो अभिमान आहे त्यात त्याच्या सार्वजनिक शौचालयांचा वाटा मोठा आहे. गुगलच्या नकाशावर शौचालये दाखविण्याची सोय २०१६ साली दिल्लीच्या परिसराबरोबर इंदूर-भोपाळलाच प्रथम झाली. खरा प्रवास मानपूरचा घाट उतरून निमाडात शिरल्यावर सुरू होतो. आमच्या नकाशात दर तीस-चाळीस किलोमीटरांवर एक खूण होती. बहुतेक खुणा पेट्रोल पंपांच्या. पंपावर हवा, पाणी आणि शौचकूप विनामूल्य ठेवण्याचा दंडक आहे, म्हणून जेथे थांबू तेथे थोडे थोडे इंधन घ्यावयाचे असे ठरविले होते. पाचशे रुपयांचे इंधन घेणाऱ्यास किल्ली जितक्या लवकर मिळते तितकी नुसत्या वाटसरूस मिळत नाही.

खलघाटला नर्मदेवर सूर्य आला होता. आम्ही हात जोडले, आणि पुलापलीकडच्या खुणेवर पहिला थांबा घेतला. निकड नसतानाही थांबावयाचे, हा आमचा नियम. जुलवानियाच्या अलीकडे एका मोठ्या हॉटेलात दुसरा. त्याचे नाव लिहीत नाही. बाहेर संगमरवरी पायऱ्या, आत शौचकूपाला कुलूप. मालकाने चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली आणि आधी जेवणाची ऑर्डर द्या म्हणाला. दोन थाळ्यांचे पैसे गल्ल्यावर ठेवून आम्ही किल्ली घेतली आणि न जेवता निघालो. बायकांना या रस्त्यावर काय सोसावे लागते ते त्या कुलपाशी उभे असताना कळत होते. एका कुटुंबातील तिघी तशाच परत गाडीत बसल्या. प्रवासाच्या दिवशी पाणीच न पिण्याची रीत आपल्या घरोघर आहे, आणि कोणी तिचे कारण विचारीत नाही.

सेंधवा मागे पडले, कापसाचे ट्रक लागू लागले, आणि बिजासनच्या घाटाच्या तोंडाशी रांग थांबली. पुढे एक ट्रक आडवा झाला होता. मागे ट्रक, पुढे ट्रक, बाजूस कठडा. आमची पुढची खूण घाट उतरल्यावर पळासनेरच्या बाजूस होती. वीस मिनिटे झाली. आजारी माणसाने खिडकीची कड धरली, तेव्हाच आम्ही ओळखले.

अशा वेळी धावू नये, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. कळ लाटेसारखी येते. शिखरावर असते तेव्हा निश्चल राहावे, श्वास लांबवावा, आणि ती किंचित ओसरली की हालावे. पहिली लाट गाडीत गेली. आमचा चालक एव्हाना खाली उतरून कोठेतरी गेला होता. तो परत आला तो धावत, आणि मागे एक आदिवासी बाई. तिचे खोपट रस्त्यापासून साठ-सत्तर पावलांवर, खाली उताराला. खोपटाशेजारी सरकारी योजनेतून बांधलेला पक्का शौचकूप होता. त्याचे दार तिने उघडले तर आत छताला भिडेल एवढे सरपण. तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. आम्ही चिठ्ठी काढली नाही. ती वाचणारी नव्हती, आणि वाचण्याची गरजही नव्हती. ती आणि तो मुलगा, दोघांनी मिळून मोळ्या बाहेर फेकावयास सुरुवात केली. एक पोर आले, तेही फेकू लागले. दुसरी लाट आली तेव्हा आजारी माणूस पेरूच्या झाडाला धरून उभे होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मिनिट-दीड मिनिट असेल. आत पुरेशी जागा झाली तशी त्या बाईने पदराने कोळिष्टक झाडले, पाण्याने भरलेली कळशी आत ठेवली आणि पोराला हाताला धरून खोपटामागे निघून गेली. मुलगाही पाठ फिरवून घाटातले ट्रक मोजत उभा राहिला.

रबरी चादर आणि लंगोट तसेच झोळीत राहिले.

निघताना आम्ही पैसे पुढे केले. तिने घेतले नाहीत. सरपण पुन्हा आत रचून देतो म्हटले तर हसून नको म्हणाली. तिने हातानेच दाखविले की आता ते बाहेरच राहील. पोराला आम्ही बिस्किटांचा पुडा दिला, तो मात्र त्याने तत्काळ फोडला.

पुढचा प्रवास लिहिण्यासारखा थोडा. रांग सुटली, तापी ओलांडली, धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळाकडे जाण्याचे मनात होते ते वेळेअभावी राहिले. मालेगावच्या पुढे एका औषधाच्या दुकानात चिठ्ठी प्रथमच नीट कामास आली. दुकानदाराने वाचली, पडदा सारला आणि आतल्या खोलीची वाट दाखविली. त्याचा मेहुणा याच आजाराचा होता. चांदवडला रंगमहालापाशी आम्ही पंधरा मिनिटे खरोखरीच्या प्रवाशांसारखे उभे राहिलो. होळकरांच्या त्या वास्तूची लाकडी कलाकुसर पाहण्याजोगी आहे. अहिल्याबाईंनी वाटसरूंसाठी धर्मशाळा, विहिरी, घाट बांधले ते आपण इंदूरकर अभिमानाने सांगतो. त्या धर्मशाळांत परसाची व्यवस्था काय होती, हे एखाद्या अभ्यासकाने लिहिले तर आम्ही आवडीने वाचू.

नाशकास पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. मावशींचा वाडा जुना. शौचकूप मागल्या अंगणात, बत्तीस पावलांवर. ती पावले आम्हांला लहानपणापासून ठाऊक होती आणि वाटभर आम्ही तीच मोजीत आलो होतो. मावशींनी मागील दाराजवळची कोठीची खोली रिकामी करून तेथे आमच्या गाद्या घातलेल्या होत्या. कोणी सांगितले, असे विचारले तर म्हणाल्या, "दोन वर्षं रंग काढणारं घर मी पाहिलेलं नाही. भाच्यांपैकी कोणी तरी बोललं असेल. जेवून घ्या."

जेवताना आम्ही प्रथमच सगळे सांगितले. आजाराचे नाव, रक्त, घाई, घाट, सरपण. त्यांनी मध्ये कोठे 'अगं बाई' म्हटले नाही. मग ताटातला भात सारीत त्या म्हणाल्या की काळारामाच्या देवळात त्यांना जाऊन वर्ष झाले. पाय चालतात, पण लघवी धरवत नाही. शेजारणी बोलवावयास येतात तेव्हा त्या 'गुडघा धरलाय' असे सांगतात. आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुडघा आमच्याही यादीत होता.

पैठणी आणि पोथीचा निकाल दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचवटीत गेलो. आधी आमचा चालक जाऊन आला होता. देवळाजवळ मावशींच्या ओळखीचे एक घर होते, तेथे त्याने चिठ्ठी दाखवून दोघांची सोय सांगून ठेवली होती. मावशींसाठी झोळीतल्या पुडक्यातले एक काढून दिले. त्या आधी रागावल्या, मग त्यांनी ते घेतले. दर्शन झाले. मग त्या सभामंडपात खांबाला टेकून बसल्या, आम्हांला आजोबांच्या वेळच्या रामनवमीची हकीकत सांगू लागल्या, आणि पाऊण तास उठल्या नाहीत.